वरच्या मजल्याचं कुत्रं भुंकत नाही

"कुत्रं कसं आहे ते नंतर बघ. आधी ते कुणाचं आहे ते विचार," नणंद म्हणाली होती.

नणंद जनावरांच्या दवाखान्यात नोंदणीच्या टेबलावर बसते. अठरा वर्षं तिच्या पुढ्यातून कुत्री, मांजरं, ससे आणि त्यांना उचलून आणणारी माणसं जातायत, आणि यातलं खोटं कोण बोलतं याबद्दल तिच्या मनात तिळमात्र शंका उरलेली नाही. पण तिने हे सांगितलं ते फोनवर. इकडे घरमालकिणीने फोन मान वाकडी करून खांद्याशी दाबलेला आणि तिच्या मांडीवर दहा महिन्यांची लेक, पिटुकली, चमच्यासाठी झोंबत होती. मग हिने ते बोलणं झटकून टाकलं.

"अहो ताई, पट्टा त्यांच्या हातात आहे, म्हणजे त्यांचंच असणार की. मला भाडेकरू ठेवायचाय, जावई शोधायचा नाहीये."

"जावई परत पाठवता येतो गं. भाडेकरू पाठवून दाखव," नणंद म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

तो एक प्रश्न तेव्हाच विचारला असता, तर एक म्हातारी बाई दहा दिवस ज्या धोक्यात एकटी राहिली ते टळलं असतं. आणि गंमत म्हणजे प्रश्न विचारण्यात ही काही कमी नव्हती. बाळ होण्याआधी चार वर्षं ती वाचनालयात होती. पान फाडून पुस्तक परत करणारा माणूस खिडकीशी आला की आधी हसतो, हे ज्ञान तिने तिथे कमावलं होतं आणि घरी येताना सोबत आणलं होतं. दूधवाला हसला तरी ती पिशवी उलटीसुलटी करून बघायची.

घर दोन मजली. खाली हे तिघं: ती, नवरा आणि पिटुकली. वरचा मजला सासऱ्यांच्या पश्चात रिकामा. वर जायचा जिना यांच्याच बोळातून, यांच्याच दारावरून. म्हणजे वर जो राहील तो दिवसातून चार वेळा पिटुकलीच्या पाळण्यापासून सहा पावलांवरून जाणार. पावलं तिने मोजली होती. म्हणूनच भाडेकरूंसाठी तिने एक कागद केला होता. त्यावर सतरा अटी होत्या, स्वच्छ अक्षरात, एकेक ओळ सोडून. नवरा छापखान्यात यंत्रावर असतो. त्याने कागद वाचला आणि म्हणाला, "लग्नाच्या वेळी मला यातल्या तीनच अटी सांगितल्या होत्यास."

"बाकीच्या तू पुऱ्या करणार नाहीस हे माहीत होतं."

पाचवी अट होती : पाळीव प्राणी चालणार नाहीत.

तरीही ते दोघं आले ते कुत्रं घेऊनच. तो एका चष्म्याच्या दुकानात काचा घासून बसवायचा. ती घरी बसून पडदे शिवायची. पहिल्याच दिवशी घरात त्यांची नावं पडली, चष्मेवाला आणि पडदेवाली, आणि तीच राहिली. कुत्रं मध्यम चणीचं, विटकरी रंगाचं, एक कान उभा आणि एक मोडून पडलेला. बोळात येऊन ते खाली बसलं आणि पिटुकलीकडे न बघता दाराकडे बघत राहिलं.

"वहिनी, तुमची अट आम्ही वाचली," चष्मेवाला म्हणाला, आणि हसला. आधी हसला. तिथेच तिच्या मनात पाल चुकचुकली. "पण एकदा बघा तर. राजा अगदी गरीब आहे. भुंकत नाही."

"अजिबात?"

"अजिबात. आम्ही आवाज ऐकलेला नाही."

लहान मूल असलेल्या बाईला हे ऐकून हायसं वाटायला हवं. हिला उलटंच वाटलं. न भुंकणारं कुत्रं म्हणजे न बोलणारा शेजारी. मनात काय चाललंय कळायला मार्गच नाही. तिने हाक मारून बघितली. "राजा! ए राजा!" कुत्र्याचा उभा कानसुद्धा हलला नाही.

"नवीन जागा आहे ना," पडदेवाली घाईघाईने म्हणाली.

नकारच द्यायचा होता. पण नवऱ्याचं म्हणणं पडलं की माणसं सरळ दिसतायत, बाई दिवसभर घरात असते, वरचा मजला ओल धरत चाललाय, कुणीतरी राहायलाच हवं. शेवटी तोडगा निघाला : पंधरा दिवस राहून बघा. पंधरा दिवसांत कुत्र्याबद्दल तिचा होकार आला तर करार, नाही तर सामान न सोडलेल्या खोक्यांसकट परत. चष्मेवाला लगेच कबूल झाला. इतक्या लगेच, की तिला पुन्हा शंका आली. ज्याला नाही म्हणायला काहीच नसतं तो माणूस काहीतरी लपवत असतो, असं तिचं मत.

त्या दिवसापासून तिने एक वही सुरू केली. वरती खुर्ची सरकली की वेळ, पंजे वाजले की वेळ. पिटुकली झोपली की ही छताकडे बघत बसायची.

"कुत्र्यावर संशय, भाडेकरूंवर संशय," नवरा म्हणाला. "माझ्यावर कधी घेतेस?"

"घेते की. तुझी वही वेगळी आहे."

पहिले चार दिवस वहीत लिहिण्यासारखं एवढंच सापडलं, की दारावरची घंटी वाजली की वर धावपळ होते. पंजे दाराकडे जातात, परत येतात, परत जातात. पाचव्या दिवशी मात्र वहीत मावणार नाही असं काहीतरी झालं.

सकाळचे अकरा वाजले असतील. पिटुकली आतल्या खोलीत झोपलेली. ही मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती आणि शेजारी धुलाई यंत्र शेवटच्या फेऱ्यात घरघरत होतं. तेवढ्यात मागून काहीतरी गुडघ्यावर आपटलं. वळून बघते तर कुत्रं. जिन्यावरून खाली आलं होतं, बोळ ओलांडून, स्वयंपाकघरातून, तिच्या घरातून थेट. त्याने पंजा उचलून पुन्हा तिच्या गुडघ्यावर मारला, वळलं आणि घरात पळालं. आतल्या खोलीकडे. पिटुकलीकडे.

तिच्या हातात ओला टॉवेल होता. तोच पिळून तिने त्याच्यामागे धाव घेतली आणि खोलीच्या उंबऱ्यात त्याच्या पाठीवर सपकन हाणला. कुत्रं दबकलं, पण ओरडलं नाही. पिटुकली पाळण्याच्या कठड्याला धरून उभी, तोंड लालबुंद, रडून रडून आवाज बसलेला. किती वेळ रडत होती कुणास ठाऊक.

तिने पोरीला उचललं आणि वर बघून किंचाळली, "तुमचं दार उघडं का?"

वर कुणी नव्हतं. पडदेवाली कापड आणायला गेली होती आणि कडी नीट लागली नव्हती. संध्याकाळी दोघं खाली आले. माफी मागितली, नवीन कडी आणली, बसवली. चष्मेवाला पुन्हा हसला. "त्याला मुलं आवडतात, वहिनी."

"आवडतात म्हणजे काय? माझ्या गुडघ्यावर पंजा मारून आत पळालं ते! मला बाजूला काढायला बघत होतं."

"खुळं आहे जरा," पडदेवाली म्हणाली. "आवाज झाला की अंगात येतं त्याच्या."

खुळं. आपलं कुत्रं खुळं आहे असं कुणी इतक्या सहज म्हणत नाही. वाचनालयात लोक स्वतःच्या मळक्या पुस्तकाबद्दल हळवे असायचे. दुसऱ्याच्या पुस्तकाबद्दल खुशाल बोलायचे. हा विचार तिच्या मनात आला होता, अगदी दारापर्यंत आला होता. पण पोरीला कडेवर घेतलेली बाई घाबरलेली असली की एकाच दिशेने विचार करते. कुत्रं वाईट, इथेच ती अडकली. ते कुणाचं, हे राहूनच गेलं.

सातव्या दिवशी नवरा कामावरून आला आणि दाराशी बुटांवरची कागदाची भुकटी झटकायला त्याने फरशीवर दोनदा पाय आपटले, धप धप. पडदेवाली तेव्हा कुत्र्याला फिरवून जिना चढत होती. कुत्र्याने तिच्या हातून पट्टा हिसकला, चार पायऱ्या उतरून आलं आणि नवऱ्यासमोर शहाण्यासारखं बसलं. मान वर, डोळे त्याच्या तोंडाकडे.

"बघ," नवरा खूश झाला. "मला ओळखतं."

"राजा, चल!" पडदेवाली वरून म्हणाली. कुत्रं बसलेलंच. नवऱ्याने पुन्हा पाय आपटला तर ते आणखी जवळ येऊन बसलं.

हिने ते वहीत लिहिलं. हाकेला येत नाही. पाय आपटला की येतं. खाली ओळ मारली. मग दोन दिवस त्या ओळीकडे बघून बघून तिने निष्कर्ष काढला तो असा, की याला मारून मारून शिकवलंय. पाय आपटून धाक घालणाऱ्या माणसाच्या हाताखाली हे वाढलंय. आणि मार खाल्लेलं कुत्रं कधी उलटेल याचा नेम नाही. तिने नवऱ्याला निर्णय सांगितला. नकार.

"तू सांग," नवरा म्हणाला. "मला त्यांचं तोंड बघवणार नाही."

"मलाच कुठे बघवतंय? पण पोर आपली आहे."

नवव्या दिवशी रविवार होता. पिटुकलीला नवऱ्याकडे देऊन ती वर गेली. खोलीत अजून खोकी रचलेली, एका खोक्यावर शिलाई यंत्र, खिडकीत अर्धा शिवलेला पडदा. दोघांनी तिला बसायला एकमेव खुर्ची दिली आणि स्वतः खोक्यांवर बसले. काय ऐकावं लागणार ते त्यांना कळलं असावं. पडदेवाली हातातली टेप गुंडाळत होती, सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती.

"मी स्पष्टच सांगते," हिने सुरुवात केली, आणि नेमकी घंटी वाजली.

कुत्रं कोपऱ्यातून उठलं. ते दाराकडे गेलं नाही. आधी पडदेवालीकडे आलं, तिच्या गुडघ्यावर पंजा मारला, मग दाराशी गेलं आणि मान वळवून तिच्याकडे बघत उभं राहिलं.

"हट! ऐकलं रे बाबा, ऐकलं," पडदेवाली वैतागून उठली. दाराशी कुणीतरी पत्ता चुकलेलं होतं. ती परत येऊन बसते तोच चष्मेवाल्याच्या मोबाइलचा गजर वाजला. तो खिडकीत ठेवलेला. पुन्हा तेच. कुत्रं त्याच्याकडे आलं, गुडघ्यावर पंजा, मग खिडकीशी जाऊन मागे वळून नजर.

घरमालकिणीला पाचवा दिवस आठवला. अंगण, यंत्राची घरघर, गुडघ्यावरचा पंजा, आतल्या खोलीकडे धाव. ते पिटुकलीवर धावून गेलं नव्हतं. ते तिला सांगायला आलं होतं. तुझी पोर रडतेय, तुला ऐकू येत नाहीये, चल. आणि तिने त्याबद्दल त्याला ओल्या टॉवेलने हाणलं होतं.

भुंकून काही उपयोग होत नाही अशा घरात वाढलेलं कुत्रं. तिथे त्याला हाक मारत नाहीत, पाय आपटून बोलावतात. आणि त्याला काही सांगायचं तर ते गुडघ्यावर पंजा ठेवतं.

"हे कुत्रं कुणाचं आहे?" तिने विचारलं.

चष्मेवाला हसला. मग हसू त्याच्या तोंडावरच राहिलं, पुसायचं विसरल्यासारखं. "आमचंच."

"कधीपासून?"

पडदेवाली पुन्हा टेप गुंडाळायला लागली.

"तुमच्यात कुणाला ऐकू येत नाही?"

"नाही बुवा," पडदेवाली म्हणाली. "सगळ्यांना येतं. म्हणजे... मावशींना वयोमानाने थोडं कमी."

"कोण मावशी?"

मग ते बाहेर पडलं. मावशी चष्मेवाल्याची, आईची थोरली बहीण. आई लवकर गेली, मावशीने वाढवलं. लग्नानंतरही दोघं तिच्याच घरी, तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत. घर भाड्याचं, चाळीस वर्षांपासून. मालकाचं पुढे लोखंडी सामानाचं दुकान. त्याला सगळे खिळेवाला म्हणतात. गेल्या वर्षापर्यंत त्याची कुत्र्याला हरकत नव्हती. मग वरच्या भाडेकरूने पोपट आणला, शेजारच्याने कोंबड्या आणल्या, आणि खिळेवाल्याने एका दिवसात हुकूम काढला. सगळी जनावरं बाहेर, नाही तर माणसं बाहेर.

"मावशी घर सोडायला तयार नाही," चष्मेवाला म्हणाला. "कुत्र्याला रस्त्यावर कसं सोडणार? मग आम्हीच ठरवलं, आपण कुत्र्याला घेऊन दुसरीकडे राहू. तिचं घरही राहील, कुत्रंही राहील. आम्हाला वाटलं आपण केवढं..." तो थांबला. "तुम्हाला आधी सांगितलं नाही, कारण दुसऱ्याचं कुत्रं म्हटलं की लोक आणखी बिचकतात."

"मावशी काय म्हणाल्या?"

"काही नाही. बरं म्हणाली. दार लावून घेतलं."

"घंटी वाजली की त्या दार उघडायच्या?"

"लगेच! कुत्रं त्यांना..." पडदेवालीचं वाक्य अर्ध्यात तुटलं. टेप तिच्या हातातून खाली घरंगळली.

चष्मेवाल्याने कुत्र्याला जवळ ओढलं. "दर वर्षी नवीन चष्मा मागायची ती माझ्याकडे," तो हळूच म्हणाला. "नंबर फारसा बदललेला नसायचा. तरी म्हणायची, अजून स्वच्छ दिसायला हवं, माणसांची तोंडं नीट दिसली पाहिजेत. मी हसायचो. म्हणायचो, मावशी, कुणाची तोंडं एवढी बघायचीत?"

दुसऱ्या दिवशी सकाळी चौघं निघाले : चष्मेवाला, ती, तिच्या छातीशी बांधलेली पिटुकली आणि पुढे कुत्रं. पट्टा ताणून ताणून त्याचा गळा घरघरत होता. खरं सांगायचं तर वाटेतही तिचा चष्मेवाल्यावर पुरता विश्वास बसलेला नव्हता. भाडेपट्टा मावशीच्या नावावर, कुत्रं बाहेर, भाचाही बाहेर. यातून कुणाला काय मिळतं, असले हिशेब तिच्या डोक्यात चालूच होते. माणूस खोटं एकदा बोलला की त्याचं खरंही उन्हात धरून बघावंसं वाटतं.

त्याने घंटी वाजवली. एकदा, दोनदा. आत काही हललं नाही.

"झोपली असेल."

"सकाळी साडेदहाला?"

कुत्रं मात्र दाराशी थांबायला तयार नव्हतं. त्याने त्यांना ओढत घराच्या मागच्या बाजूला नेलं, आणि कोपऱ्यावर वळायच्या आधीच त्यांना तो आवाज ऐकू आला. किटलीची शिट्टी. एकसारखी, कर्कश, कान फाडणारी. पिटुकलीने तोंड वाकडं केलं.

खिडकीतून स्वयंपाकघर दिसत होतं. शेगडीवर किटली थरथरत होती आणि वाफ छतापर्यंत गेली होती. शेगडीपासून चार हातांवर, तिच्याकडे पाठ करून, मावशी वर्तमानपत्र वाचत बसली होती. पान उलटलं. नीट घडी घातली. चष्मा वर सरकवला. तिच्या मागे किटली जिवाच्या आकांताने ओरडत होती.

चष्मेवाल्याने काच बडवली. मावशी मजेत वाचत होती. कुत्र्याने खिडकीच्या कडेवर पाय टेकले आणि ते तिच्या पाठीकडे एकटक बघत राहिलं. शिट्टीचा आवाज बारीक होत चालला, म्हणजे पाणी संपत आलं होतं.

"दाराची किल्ली?"

"निघताना परत दिली. तिनेच मागून घेतली."

हिला काय सुचलं कुणास ठाऊक. तिने चष्मेवाल्याच्या खिशातून मोबाइल ओढला, काळी काच उन्हात धरली आणि कवडसा आत फेकला. तो छतावर नाचला, भिंतीवरून घसरला, वर्तमानपत्रावर येऊन थांबला. मावशीने मान वर केली. कवडसा उलट्या दिशेने कुठून आला ते शोधत ती वळली, आणि तिला एकाच वेळी किटली दिसली, खिडकी दिसली आणि कुत्रं दिसलं.

तिने आधी शेगडी बंद केली. मग दार उघडलं. कुत्रं आत गेलं, शेगडीपर्यंत धावलं, परत आलं आणि तिच्या गुडघ्यावर पंजा ठेवला. काम उशिरा का होईना, पण केलं. मावशीने खाली वाकून त्याचा मोडका कान मुठीत धरला. वर बघितलं तेव्हा तिचे डोळे कोरडे आणि सावध होते.

"खिळेवाल्याने पाहिलं नाही ना तुम्हाला?" हा पहिला प्रश्न. दुसरा, घरमालकिणीकडे बोट दाखवून : "ही कोण?"

"आमच्या नव्या घराच्या मालकीण," चष्मेवाला म्हणाला.

"मालकीण." मावशी एक पाऊल मागे सरली. "मला सगळं ऐकू येतं हां. आज जरा वाचनात तंद्री लागली."

हिने मग जे केलं त्याची तिला नंतर लाज वाटली. तिने पिटुकलीच्या टोपीची नाडी बांधायच्या निमित्ताने मान फिरवली आणि मावशीला तोंड दिसणार नाही अशा बेताने म्हणाली, "मावशी, तुमच्या मागे कोळी आहे."

मावशी जागची हलली नाही. हिने वर बघितलं तेव्हा मावशीला कळलं, की आपल्याला काहीतरी विचारलं गेलं आणि आपण नापास झालो.

"चोरून परीक्षा घेतेस," ती म्हणाली. "मालकीण शोभतेस खरी."

"चुकलं माझं."

"चौदा वर्षं झाली. आधी डावा कान, मग उजवा. कुणाला कळू दिलं नाही." ती भाच्याकडे बघत होती, त्याच्या ओठांकडे. "ह्यालाही नाही. हा बोलला असता सगळीकडे. खिळेवाल्याला कळलं असतं तर तो काय म्हणाला असता, सांगू? एकटी बाई, म्हातारी बाई, त्यात ठार बहिरी. उद्या शेगडी पेटती राहिली तर इमारत माझी जळणार, असं. दुसऱ्या दिवशी माझं सामान रस्त्यावर."

"अगं, मग तू मला तरी सांगायचंस! मी कुत्रं नेलं नसतं!" चष्मेवाल्याचा आवाज चिरकला.

"ओरडू नकोस, तोंड वेडंवाकडं होतं, मग कळत नाही," मावशी म्हणाली.

"मावशी, आमच्याकडे चला," हिने ओठ सावकाश हलवत म्हटलं. "वर, यांच्याबरोबर. कुत्रंही तिथेच असेल."

"तुझा जिना किती पायऱ्यांचा?"

"एकोणीस."

"माझे गुडघे सातच्या पुढे जात नाहीत. आणि तुझ्याकडे भाडेकरूंचा काही कागद असेलच. त्यात काय लिहिलंयस, माझ्यासारख्यांबद्दल?"

नववी अट होती : एकट्या वयस्कर व्यक्तीस जागा दिली जाणार नाही. लिहिताना तिने क्षणभरही विचार केला नव्हता. मावशीला ओठ वाचता येत होते, आणि ज्या ओठांतून काही आलं नाही तेही तिने बरोबर वाचलं.

"शपथ घे," मावशी म्हणाली. "दोघंही घ्या. खिळेवाल्याला कानांचं सांगायचं नाही. हे घर गेलं तर मी कुठेच नाही."

शपथ घेतली. आणि बाहेर पडून ती तशीच, पिटुकली छातीशी, पुढच्या दुकानात गेली. खिळेवाला तराजूत खिळे टाकत होता. तिने घरमालकाने घरमालकाशी बोलावं तसं बोलून बघितलं. मीही घर भाड्याने देते, मलाही कुत्र्याची धास्ती होती, हे कुत्रं माझ्याकडे दहा दिवस राहिलंय, भुंकत नाही, घाण करत नाही, मी हमी देते, लेखी देते.

"तुमच्याकडे छान राहतंय ना?" खिळेवाला म्हणाला. "मग माझ्या गळ्यात का?"

"मावशींना एकटं वाटतं."

"एकटं वाटायला चाळीस वर्षं लागली?" त्याने खिळ्यांची पुडी बांधली. "बाई, मी एकाला हो म्हटलं की उद्या माझ्या गच्चीवर शेळी येईल. तुमचं यात काय जातंय ते मला कळत नाहीये. भाचा घर लाटायला बघतोय का?"

हाच संशय तासाभरापूर्वी तिच्याही मनात होता. दुसऱ्याच्या तोंडून तो ऐकताना केवढा ओंगळ वाटला! खरं कारण जिभेवर आलं होतं. एक वाक्य, आणि हा माणूस कदाचित वरमला असता. किंवा त्याच दिवशी नोटीस लिहायला बसला असता. आपण त्याच्या जागी असतो तर काय केलं असतं हे तिला ठाऊक होतं, म्हणून ती गप्प राहिली.

बऱ्याच घासाघिशीनंतर तो एवढंच कबूल झाला : कुत्र्याने पाहुणा म्हणून यावं. दुकान उघडल्यावर यावं, दुकान बंद व्हायच्या आत जावं. "माझ्या डोळ्यांसमोर. रात्री मी इथे नसतो. रात्री काय चालतं ते मला कसं कळणार?"

म्हणजे जेव्हा रस्त्यावर वर्दळ असते, दारावरून माणसं जात असतात, तेव्हा मावशीला कान आहेत. आणि दुकान बंद झालं की नाहीत.

तेव्हापासून तसंच चाललंय. वरच्या मजल्याचा करार झाला, पाचवी अट खोडली. नववीवर ती पेन घेऊन दोनदा बसली आणि दोनदा उठली. "खोड की," नवरा म्हणतो. "आणि उद्या खरंच काही झालं तर?" ती विचारते, आणि मग तिचं तिलाच कसंतरी होतं. चष्मेवाला सकाळी नऊला कुत्र्याला सोडतो, संध्याकाळी सातला आणतो. आला की आधी हसत नाही हल्ली. मावशी त्यालासुद्धा रोज रात्री येऊ देत नाही. सारखं आलं की खिळेवाल्याला वास येतो म्हणते. सोमवारी आणि गुरुवारी ही जाते, पिटुकलीला घेऊन. शनिवारी नवरा छापखान्यातून परतताना वळसा घालतो. उरतात चार दिवस.

म्हणून तिची तुमच्याकडे एक विनंती आहे. तुमचं जाणं-येणं त्या बाजूने असेल, तर सातनंतर जरा त्या घरामागे डोकवा. लोखंडी सामानाचं दुकान, त्याच्या मागे तळमजला, स्वयंपाकघराला बुटकी खिडकी. घंटी वाजवू नका, हाकही मारू नका. मोबाइलचा दिवा खिडकीवर दोनदा लावा, दोनदा विझवा. मावशी बाहेर येईल आणि कोण तुम्ही, कशाला आलात, म्हणून खेकसेल. मनावर घेऊ नका. रस्ता चुकलो म्हणा. मात्र तिच्याकडे तोंड करून म्हणा, सावकाश. आणि ती बोलत असेल तेवढ्यात तिच्या खांद्यावरून बघून घ्या, मागची शेगडी बंद आहे ना.